शिकाऊंचं विमान
(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी आमचं नाव निघालं तेव्हा आम्ही दोनदा नाही म्हटलं. या व्यासपीठावरून कीर्तनकार बोलले, प्राध्यापक बोलले, गेल्या वर्षी डॉक्टरसाहेबांनी मधुमेहावर बोलून ऐन मोदकाच्या वेळी सगळ्यांची पंचाईत केली. आम्ही पडलो डिप्लोमावाले. राज्य सरकारच्या परिवहन खात्यात नोकरी, दिवसभर लोकांच्या ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायची. आम्ही काय सांगणार? पण यंदा मुलांनी देखाव्यात विमान केलं, आणि स्थापनेच्या दिवसापासून जो तो विचारतोय, "हे कसलं हो विमान? दोन मजली पंख, वर छप्पर नाही, एक बंदूक नाही. राफेल तरी करायचं!" आता हे विमान करा असं मुलांना आम्हीच सांगितलं होतं. तेव्हा उत्तर देणंही आमच्याकडेच आलं.

या विमानाचं नाव टायगर मॉथ. नावात वाघ असला तरी हे लढाईचं विमान नाही. हे शिकाऊंचं विमान. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर, हरिकेन ही नावं गाजली, त्यांच्यावर सिनेमे निघाले. पण त्यांत बसणारा बहुतेक प्रत्येक इंग्रज पोरगा आधी अशाच एखाद्या कापडी पंखांच्या विमानात बसून रडकुंडीला आलेला होता. आणि आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की हे विमान आपल्या बेगमपेटच्या आकाशात वर्षानुवर्षं उडलेलं आहे. युद्धकाळात वैमानिकांना पहिले धडे देणारी शाळा बेगमपेटला होती, तशीच दुसरी जोधपूरला. दोन्हीकडे टायगर मॉथ. आज जिथून आपण फ्लायओव्हरवर हॉर्न वाजवत जातो, तिथल्या पलीकडच्या धावपट्टीवर एकोणीस-वीस वर्षांची पोरं उड्या मारत विमान उतरवायला शिकत होती.

युद्ध सुरू झालं तेव्हा, सप्टेंबर १९३९ मध्ये, भारतीय हवाई दलाकडे एकच स्क्वाड्रन होतं. अधिकारी सोळा. युद्ध संपलं तेव्हा नऊ स्क्वाड्रन आणि सुमारे अठ्ठावीस हजार माणसं. विमानं एक वेळ बोटीतून आणता येतात, उडवणारी माणसं कुठून आणायची? ती तयारच करावी लागतात. कॅनडात तर त्यासाठी डिसेंबर १९३९ मध्ये प्रचंड मोठी योजना झाली आणि युद्ध संपेपर्यंत तिथून एक लाख एकतीस हजारांहून जास्त वैमानिक, नॅव्हिगेटर, गनर वगैरे शिकून बाहेर पडले. आपल्याकडचा पसारा त्या मानाने लहान. पण त्या पहिल्या युद्धकाळातल्या तुकड्यांमधलेच एक, नोव्हेंबर १९४० मध्ये कमिशन मिळालेले मुंबईचे हृषिकेश मुळगावकर, पुढे १९७६ मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले. आपल्या माणसाचं नाव आलं की टाळी पडते हे आम्हाला माहीत होतं, म्हणून घेतलं. धन्यवाद.

आता विमानाकडे येऊ. टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ रोजी, इंग्लंडमध्ये, डी हॅविलँड कंपनीचं. त्याचं रिकामं वजन साधारण ५०६ किलो, म्हणजे आपल्या जुन्या मारुती आठशेपेक्षाही हलकं. इंजिन १३० अश्वशक्तीचं. जास्तीत जास्त वेग ताशी १७५ किलोमीटर, तोही जोर लावून. पंखांचा सांगाडा लाकडी, त्यावर लिननचं कापड. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, सुमारे ८६ लिटरची, आणि तिथून पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनात उतरतं. पंप नाही म्हणजे पंप बिघडण्याची भानगडही नाही. ब्रेक नाहीत. सेल्फ स्टार्टर नाही. समोर एक माणूस उभा राहून हाताने पंखा फिरवणार तेव्हा इंजिन सुरू.

इथे एक गोष्ट आम्हाला फार आवडते. इंजिनाच्या ठिणगीची बटणं या विमानात आत डॅशबोर्डवर नाहीत. ती बाहेरच्या अंगाला, बसायच्या जागेलगत लावलेली आहेत. का? तर समोर पंख्याला हात घालणाऱ्या माणसाला ती स्वतःच्या डोळ्यांनी दिसावीत. आतल्याने नुसतं "बंद आहे" म्हणून भागत नाही, कारण चूक झाली तर हात बाहेरच्याचा जातो. आम्ही इतकी वर्षं यंत्रं बघतो, पण बाहेरच्या माणसाचा इतका विचार केलेला क्वचितच दिसला.

बसायच्या जागा दोन, एकामागे एक. पुढे मास्तर, मागे विद्यार्थी. लोकांना उलट वाटतं. पण पुढची जागा विमानाच्या तोलाच्या मध्याजवळ आहे, त्यामुळे मास्तर उतरला तरी तोल फारसा बिघडत नाही आणि विद्यार्थी मागच्या त्याच जागेवरून एकटा उडू शकतो. आधीच्या मॉथ विमानात पुढच्या जागेच्या बरोबर वर टाकी यायची. पाठीला पॅराशूट बांधलेल्या मास्तराला संकटात तिथून बाहेर पडणं अवघड. म्हणून टायगर मॉथमध्ये वरचा पंख पुढे सरकवला, आणि त्याने बिघडलेला तोल सांभाळायला पंखांची टोकं थोडी मागे कलवली. आपल्या मुलांच्या मॉडेलमध्ये पंख मागे झुकलेले आहेत, ते बांबू वाकडा झाल्यामुळे नव्हे. तसेच असतात ते.

दोघांच्यात बोलणं कसं होणार? छप्पर नाही, वारा आणि इंजिन कानात. त्यावर उपाय म्हणजे रबरी नळी, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी. एका टोकाला मास्तराचं तोंड, दुसऱ्या टोकाला शिष्याचे कान. तिला गोसपोर्ट नळी म्हणतात, आणि ते नाव पडण्यामागे एका हट्टी माणसाची गोष्ट आहे.

पहिल्या महायुद्धात वैमानिकांचं शिक्षण म्हणजे आनंदीआनंद होता. शिकवणारे आघाडीवरून थकून आलेले, विद्यार्थ्याला विमानाला हात लावू द्यायला घाबरणारे. विमान गिरकी घेऊन नाक खाली करून गरगरत पडायला लागलं की मेलोच, असं जो तो धरून चालायचा. मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने १९१७ मध्ये गोसपोर्टच्या शाळेत हे बदललं. दोघांकडे सारखीच नियंत्रणं असलेलं अॅव्हरो ५०४ हे विमान घेतलं आणि मास्तरांना सांगितलं की विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवू नका. उंचावर न्या, मुद्दाम गिरकीत घाला आणि बाहेर कसं यायचं ते त्याच्याच हातून करवून घ्या.

कारण गिरकीत माणसाची उपजत बुद्धी उलटी चालते. जमीन समोरून गरगरत येते तेव्हा हात आपोआप दांडा पोटाकडे ओढतो, नाक वर करायला. त्याने विमान आणखी अडकतं. सुटायचं असेल तर गिरकीच्या उलट दिशेचा पाय पूर्ण दाबायचा आणि दांडा पुढे, म्हणजे जमिनीकडेच ढकलायचा. हे खुर्चीवर बसून वहीत लिहून येत नाही. आम्ही ट्रॅकवर रोज बघतो, समोर कोणी आडवं आलं की नवशिका घाबरून ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबतो. तो मूर्ख नसतो. त्याच्या पायाला ती वेळ कधी कोणी दाखवलेली नसते.

टायगर मॉथ या कामाला अगदी योग्य का होतं, तर ते चूक सोसायचं पण लपवायचं नाही. वळताना नुसता हाताचा दांडा कलवला आणि पायाचं काम विसरलं, तर विमान बाजूला घसरतं, आणि उघड्या जागेत बसलेल्याच्या एका गालावर वारा लागतो. मास्तर ओरडायच्या आधी गालच सांगतो. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास ते अजून हवेत तरंगत असतं, त्यामुळे उतरताना चुकलं तरी वेग बेताचाच. धाडकन आदळलं तर चाकांचा सांगाडा ते सहन करायचा. आठ-दहा तास दोघांनी उडायचं, मग एक दिवस मास्तर धावपट्टीवर उतरून म्हणायचा, "जा." समोरची जागा रिकामी बघून पोटात गोळा यायचा म्हणतात. इंग्लंडमध्ये पुढे पुढे बारा-एक तासांतच पारख करायचे. जमतंय तो वैमानिक, नाही जमत तो नॅव्हिगेटर किंवा बॉम्ब टाकणारा. त्यात अपमान नव्हता असं नाही, पोरं रात्री रडायची. पण नापास करणाऱ्याला कोणी नावं ठेवत नव्हतं, कारण कशापासून वाचलो ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढचा टप्पा अंबाल्याला. तिथे हार्वर्ड नावाचं अमेरिकन विमान आलं. सहाशे अश्वशक्ती, सगळं धातूचं, चाकं पोटात घेणारं. टायगर मॉथ सायकल असेल तर ही बुलेट. उतरताना जरा लक्ष चुकलं की गर्रकन स्वतःभोवती फिरायची. चाकं खाली न घेता उतरायला गेलात तर आत भोंगा वाजायचा. तिचा आवाज मैलभरावरून कळायचा, कारण पंख्याची टोकं ध्वनीच्या वेगाच्या जवळ पोचायची. हार्वर्डवर बोलायला वेगळं व्याख्यान लागेल, आणि आरतीपर्यंत संपवा असं सचिवांनी बजावलंय.

पण पेटीवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतोच. आपल्या भजनी मंडळात जी पेटी आहे, तिच्या भात्यावरून वैमानिक शिकलेत असं सांगितलं तर पटेल का? अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. या मुलाने त्याच कारखान्यातले भाते आणि हवेचे पंप वापरून १९२९ च्या सुमारास जमिनीवर बसूनच डुलणारं, वळणारं, कलणारं एक छोटं विमान बनवलं. लोकांनी ते जत्रेतल्या खेळण्यासारखं घेतलं. पण ढगात काही दिसत नसताना फक्त काट्यांकडे बघून कसं उडायचं हे त्यात शिकवता येतं, ते हळूहळू सैन्याच्या ध्यानात आलं. महायुद्धात ही लिंक ट्रेनर यंत्रं हजारोंनी बनली. त्यात बसून कोसळलं तरी फक्त कान लाल व्हायचे.

आणखी एक गंमत. १९३५ मध्ये याच टायगर मॉथच्या जातीतलं, रेडिओने चालणारं, माणूस नसलेलं विमान तोफखान्याच्या नेमबाजीसाठी केलं. नाव क्वीन बी, म्हणजे राणी माशी. आज लग्नात डोक्यावर घोंगावतो त्या ड्रोनचं नाव या राणी माशीवरून पडलं असं सांगतात.

आता मुलांनी ज्याबद्दल विचारलं होतं ते. आमच्या आजोबांचं.

आजोबा मूळचे नांदेडकडचे. शिवणकाम घराण्यातलं. सुलतान बाजारात एका दुकानात मशीनवर बसायचे. युद्धात बेगमपेटला शिवणाऱ्या हातांची गरज निघाली आणि त्यांना पंखांच्या कापडाच्या कामावर घेतलं. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, गोऱ्या सार्जंटला मराठी येत नव्हतं, काम दखनीत आणि हाताच्या खुणांनी चालायचं. लाकडी फासळ्यांवर लिनन ताणायचं, मग लांब सुईने मेण लावलेला दोरा पंखाच्या वरून खाली आणि खालून वर घ्यायचा, प्रत्येक फासळीला बांधत. टाका आणि लगेच गाठ. पुन्हा टाका, पुन्हा गाठ. एकही गाठ सुटली तरी शेजारची सुटू नये म्हणून प्रत्येक स्वतंत्र. वरून पट्टी, मग डोप नावाचं रसायन, ज्याने कापड आक्रसून ढोलकीसारखं ताठ व्हायचं. त्या डोपचा गोडसर उग्र वास आजोबांच्या कपड्यांना यायचा, आजी त्यांना आंघोळ केल्याशिवाय देवघरात येऊ द्यायची नाही.

एका दुपारी एक पोरगं एकटं उडालं आणि परत आलं नाही. उतरायच्या आधीच्या वळणावर, कमी उंचीवर, विमान फार सावकाश झालं आणि गिरकी घेतली. सुटायचं कसं ते त्याला शिकवलं असणारच. पण सुटायला खाली जितकं आकाश लागतं तितकं उरलेलं नव्हतं. संध्याकाळी लॉरीवरून तुकडे आणून टाकले. कोणीही न सांगता आजोबा तिथे जाऊन बसले आणि मोडलेल्या पंखावरून फासळी फासळी हात फिरवू लागले. सार्जंटने बघितलं, हटकलं नाही. त्यानेही तपासलं. टाके सगळे जागेवर होते. तरी आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. आई सांगते, पुढे म्हातारपणी दृष्टी गेल्यावरही ते मध्येच विचारायचे, "टाके होते ना गं जागेवर?" आणि ती म्हणायची, "होते बाबा."

उड्डाणाआधी त्या विमानाच्या कागदावर इंजिनाच्या माणसाची सही, सांगाड्याच्या माणसाची सही, मग वैमानिकाची सही, अशी रीत होती. कागदावर आजोबांची सही नसायची, ते सही करण्याच्या दर्जाचे नव्हतेच. तरीही ते हात फिरवत बसले.

आम्ही मात्र रोज सही करतो. सरकारने दिलेली, शिक्का असलेली. आणि इथे आम्हाला एक गोष्ट सांगायची आहे जी घरातसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं. ओळखीतला एक मुलगा परीक्षेला आला. पुढे गाडी बरी चालवली, मागे घेताना दोन्ही वेळा खांब पाडला. त्याचे काका बाहेर उभे होते, आमच्या वडिलांच्या उपकारातले नव्हेत, आम्हीच त्यांच्या उपकारातले. "पोरगं कॉलेजला जायचंय, आपलाच आहे," म्हणाले. आम्ही सही केली. चार-पाच महिन्यांनी त्याच मुलाने गल्लीत गाडी मागे घेताना सायकलवरच्या दूधवाल्याला पाडलं. मांडीचं हाड मोडलं. माणूस वाचला, पण पाय आखूड झाला तो झालाच. पैसे देऊन प्रकरण मिटलं. ते दूधवाले मामा अजून आमच्याकडे दूध घालतात. लायसन्सवर सही कोणाची होती ते त्यांना कधी कोणी सांगितलं नाही. ही स्मरणिका निघाली की आम्ही त्यांना हे वाचून दाखवणार आहोत. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण समजतं.

त्यानंतर आम्ही ओळख बघून सही केलेली नाही. गेल्या वर्षी याच सभागृहात बसणाऱ्या एका घरातल्या मुलाला दोनदा परत पाठवलं, तर मकरसंक्रांतीला तिळगूळ मिळाला पण गोड बोलणं काही मिळालं नाही. तिसऱ्या वेळी तो पास झाला, आणि आता गाडी आमच्यापेक्षा सफाईने मागे घेतो. तेव्हा वहिनी, राग सोडा.

टायगर मॉथचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. सगळ्या देशांत मिळून साधारण आठ हजार आठशे बनली. लढाऊ विमानांना जागा करायला त्यांचं काम मोटारींच्या कारखान्याकडे, ऑक्सफर्डजवळच्या मॉरिस मोटर्सकडे दिलं होतं. आपल्याकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, तेव्हा १९४१ मध्ये तिथून उडालेलं पहिलं विमानही शिकाऊंसाठीचंच होतं, हार्लो नावाचं. आणि स्वातंत्र्यानंतर टायगर मॉथची जागा ज्याने घेतली, ते एचटी-२ हे विमान आपल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी तयार केलं. जर्मनीत गोटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले शास्त्रज्ञ. ते विमान १९५१ मध्ये उडालं. भारतीय आराखड्याचं, कारखान्यात बनलेलं पहिलं इंजिनाचं विमान त्यांनी केलं तेही लढाऊ केलं नाही, शिकाऊंचं केलं. घानाच्या हवाई दलानेही ते घेतलं. आपल्या हवाई दलाने एक जुनं टायगर मॉथ दुरुस्त करवून २०१२ मध्ये हिंडनला वायुसेना दिनी पुन्हा उडवलं. मोबाईलवर बघायला मिळतं, आवाज मोठा करून बघा.

देखाव्यातल्या विमानाचे पंख मुलांनी आधी कागदाचे केले होते, पहिल्याच पावसात भिजले. मग आमच्या आईने जुन्या धोतराचं कापड ताणून ते शिवून दिले. तिचं वय एक्याऐंशी. डाव्या पंखाला खालच्या बाजूने सात टाके आहेत, आजोबांनी तिला लहानपणी दाखवलेल्या गाठीचे. आरती झाल्यावर मुलांनी जवळ जाऊन बघावं. हात लावला तरी चालेल, ओढून बघितलं तरी चालेल.